बोटीचं बिऱ्हाड कुठे थाटायचं?

“म्हणजे तुम्ही बोटीवर राहता? आणि मग रात्री ती लावता कुठे?”

डोंबिवलीला घरी आलो की हा प्रश्न हमखास यायचा. सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबल्यावर विचारला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपल्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं असायची. सुरुवातीला मी हसून वेळ मारून नेत असे. पण पाच वर्षं शिडाच्या बोटीवर काढल्यानंतर मला पटलंय, की विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच. वारा, लाटा, शिडं हे माणूस शिकतो. बोट लावायची कुठे, आणि नुसती लावायची नाही तर सहा-सात महिने तिच्यात संसार करायचा कुठे, हे ठरवताना भल्याभल्यांची गाळण उडते. आमचीही उडाली होती.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर. चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढून २०१४ साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. त्यानंतर डोक्यात जे शिरलं ते निघेना. २०१७च्या वसंतात ग्रीसमध्ये एक सदतीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. किंमत डोंबिवलीतल्या वन रूम किचनपेक्षा कमी, हे मी बायकोला अनेकदा सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. तिने शांतपणे उत्तर दिलं, “अहो, वन रूम किचनला बुडायची भीती नसते.” तरी आली. आयुष्यभर नवऱ्याची बोट कधी लागते याची वाट बघितली, आता एकदा बोटीवर बसून बघू, असं म्हणाली.

आपल्याकडे कोकणात पाऊस तोंडावर आला की होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटतात. माझं आजोळ हर्णैचं, त्यामुळे हे लहानपणापासून बघितलेलं. भूमध्य समुद्रातही तोच प्रकार, फक्त ऋतू उलटा. तिथला उन्हाळा कोरडा आणि बराचसा शहाणा. वादळं येतात ती हिवाळ्यात, आणि पाऊसही तेव्हाच. म्हणून ऑक्टोबर संपत आला की शिडाच्या बोटी बंदराला लागतात आणि एप्रिलपर्यंत हलत नाहीत. काही जण बोट जमिनीवर चढवून विमानाने घरी जातात. काही जण बोटीतच राहतात. आम्ही दुसऱ्या पंथातले.

ज्या बंदरात या बोटी राहतात त्याला मरीना म्हणतात. दगडी बांधाने समुद्र अडवलेला, आत धक्के, काही दगडी, काही तरंगते. भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. मागची बाजू धक्क्याकडे करून, दोन बोटींच्या मधल्या फटीत, पेटीत कपडे कोंबावेत तशी ती कोंबतात. नाळेकडून तळाशी गेलेला एक जाड दोर तिला पुढून ओढून धरतो. मागून एक फळी टाकायची आणि त्या फळीवरून जा-ये करायची. धक्क्यावर प्रत्येक बोटीला विजेचा आणि पाण्याचा खांब. कपडे धुण्याची खोली, स्नानगृहं, संडास, सगळं काठावर. चाळ म्हणा ना! शेजारच्याने कांदा चिरला तर आपल्या डोळ्यांत पाणी, आणि नवरा-बायकोचं भांडण तीन बोटींपर्यंत ऐकू जातं. फरक इतकाच की आमचं मराठीत असल्यामुळे विषय कुणाला कळत नसे.

पहिला हिवाळा आम्ही जिथे काढला त्या बंदराचं नाव मी सांगणार नाही, देशाचंही नाही. ते मी निवडलं होतं, एकट्याने, डोंबिवलीत खुर्चीत बसून, आणि एकाच कसोटीवर: दर. फोटोत निळं पाणी, पांढऱ्या बोटी, ताडाची झाडं. फोटो जुलैतला होता, हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं. गाव उन्हाळी पर्यटकांचं. हिवाळ्यात एक वाण्याचं दुकान आणि एक औषधाचं, तेही मंगळवारी बंद. बंदराचं तोंड आग्नेयेला. तिकडून वारा सुटला की लाटा वळसा घालून आत यायच्या आणि बोट दोरांना हिसके देत रात्रभर उड्या मारायची. स्नानगृहं पार दुसऱ्या टोकाला. पाण्याचा नळ सहा बोटींत एक.

जानेवारी २०१८मधली ती रात्र. दीड-दोनचा सुमार, पाऊस, वारा. ही संडासला म्हणून उठली. बोटीत लहानसा आहे, पण बंदरात तो वापरायची बंदी. फळी ओली, बोट हलती. मी झोपेत. धक्क्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग तिचा. पाण्यात पडली नाही, हे नशीब. उजवं मनगट मोडलं. दवाखाना चाळीस किलोमीटरवर, गाडी मिळायला दीड तास. त्या दीड तासात ती एक शब्द बोलली नाही. प्लास्टर झाल्यावर, सकाळी, कागदी कपातली कॉफी डाव्या हातात धरून म्हणाली, “आणखी एक हिवाळा. एकच. या वेळी जागा मी ठरवणार. नाही जमलं तर बोट विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर तिने दुरेघी वही काढली. डाव्या हाताने लिहीत होती, त्यामुळे अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. वहीत काय होतं ते ऐका. नळ आपल्या बोटीचा आपल्याला. संडास दोनशे पावलांच्या आत आणि वाट रात्री उजेडाची. भाजीबाजार चालत गाठता यावा, तोही बाराही महिने भरणारा. हिवाळ्यात तिथे माणसं राहत असावीत, बोटींचे सांगाडे नव्हेत. साधा दवाखाना गावात आणि हृदयाचं मोठं इस्पितळ दोन तासांच्या आत. ही शेवटची अट माझ्यासाठी होती. वाऱ्याचा, लाटांचा, दराचा वहीत उल्लेखच नव्हता. मी तसं म्हटल्यावर तिने पान माझ्याकडे सरकवलं. “ते तुम्ही लिहा. पण खाली.”

जागा शोधायला बसलो तर पहिली अडचण समुद्राची नव्हतीच, कागदांची होती. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये आपल्याला व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. ग्रीस, इटली, स्पेन, माल्टा सगळे एकाच गोतावळ्यातले. ग्रीसमध्ये ९० दिवस झाले म्हणून इटलीत नवे मिळत नाहीत. गंमत अशी की युरोपबाहेरच्या माणसाची, युरोपबाहेर नोंदलेली बोट मात्र कर न भरता १८ महिने तिथे राहू शकते, आणि एकदा हद्दीबाहेर जाऊन आली की तिचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणजे बोटीला दीड वर्ष, मालकाला तीन महिने. जकातवाल्यांच्या लेखी माझ्यापेक्षा माझ्या बोटीची पत मोठी! लांबचा व्हिसा मिळू शकतो, पण त्यासाठी देशागणिक वेगळं कागदपत्रांचं बाड. ज्यांना आज असं काही करायचंय त्यांच्यासाठी हे गणित आणखी कडक झालंय. पूर्वी लोक दिवस संपले की क्रोएशियात जाऊन बसत. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आला. आणि पासपोर्टवरचा पुसट शिक्का हा जो एक आधार होता, तोही गेला. ऑक्टोबर २०२५पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन यंत्रच दिवस मोजायला लागलं.

आमच्या घरी गणिताची बाई असल्यामुळे हा हिशेब तिच्याकडे. तिने कॅलेंडरवर लाल खुणा करून सांगितलं, की मार्चअखेर बघायला जायचं तर शेंगेनमधले आपले पाचच दिवस शिल्लक आहेत. बाकीचं बाहेर बघा.

ते पाच दिवस आम्ही सिसिलीला दिले. दक्षिण किनाऱ्यावरचं मरीना दी रगुझा हे हिवाळी मुक्कामासाठी नावाजलेलं. मोठं बंदर, भक्कम बांध, आणि बोटींवर राहणाऱ्यांची एवढी मोठी वस्ती की रोज काही ना काही कार्यक्रम. हिला आवडलं. मलाही. गावातल्या चौकात बसून आम्ही इतकी चांगली कॉफी प्यायलो की निर्णय जवळजवळ झालाच होता. पण हिने लाल खुणांचं कॅलेंडर काढलं. सात महिने राहायचं तर इटलीचा लांबचा व्हिसा हवा, आणि तो मिळेपर्यंत हिवाळा उलटणार. ज्यांच्याकडे युरोपचा पासपोर्ट आहे त्यांनी खुशाल तिकडे जावं. आम्ही कॉफीचे पैसे दिले आणि उठलो.

शेंगेनच्या बाहेर दोन दिशा होत्या. दक्षिणेला ट्युनिशिया, पूर्वेला तुर्कस्तान. ट्युनिशियातली हम्मामेत आणि मोनास्तीर ही बंदरं स्वस्त. मोनास्तीरचं तर ऐन गावात, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे राहून आलेले लोक चांगलं बोलत. पण आमची बोट ग्रीसच्या बाजूला होती, आणि मधे आयोनियन समुद्राचा मोठा पट्टा, जाताना एकदा आणि येताना एकदा. हिचं मनगट नुकतं सुटलेलं. तेव्हा तुर्कस्तान.

तिथेही आधी मार्मारिस बघितलं. बोटीचं कसलंही काम असो, सुतारकाम, शिडं शिवणं, इंजिन उतरवणं, सगळे कारागीर तिथे एका हाकेवर. खाडी चहूबाजूंनी पाइनच्या डोंगरांनी वेढलेली, तळ्यासारखी. इंजिनीअर म्हणून माझा जीव तिथेच अडकला. पण ते डोंगर ढगही अडवतात. तुर्की किनाऱ्यावरच्या भरपूर पावसाच्या जागांपैकी ती एक. आम्ही गेलो ते तिन्ही दिवस कोसळत होता. “आपण डोंबिवलीचा पावसाळा सोडून आलो ते दुसरा पावसाळा बघायला?” असं ही म्हणाली. बोटीत ओल म्हणजे काय, ते ज्याने गादी उचलून खालची बुरशी बघितली आहे त्यालाच कळेल.

मग किनाऱ्याच्या बसने पूर्वेकडे निघालो आणि संध्याकाळी फिनिकेला उतरलो.

फिनिके हे काही पोस्टकार्डावर छापण्यासारखं गाव नव्हे. सपाट, जरासं धुळकट, सगळीकडे संत्र्यांच्या बागा आणि भाज्यांची प्लॅस्टिकची हरितगृहं. तुर्कस्तानात फिनिके म्हटलं की लोक संत्रं म्हणतात, नागपूरसारखं. पाठीशी बेय पर्वताची रांग, शिखरांवर मार्चमध्येही बर्फ. बसमधून उतरताच मोहोराचा वास आला. जवळच लिम्यरा नावाच्या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. रोमन सम्राट ऑगस्टसचा नातू गायस सीझर इसवी सन ४ मध्ये तिथे वारला. पश्चिमेला तासाभरावर देम्रे, म्हणजे जुनं मायरा, जिथे चौथ्या शतकात संत निकोलस बिशप होता. नाताळचा सांताक्लॉज तो हाच, मूळचा या उन्हाच्या गावातला. हे सगळं खरं, पण वहीत इतिहासाला रकाना नव्हता.

हिची पाहणी कशी चालायची तेही सांगायला हवं. आम्ही कार्यालयात शेवटी जात असू. आधी धक्क्यावर चक्कर. मी दोर बघायचो. बोटींचे दोर दुहेरी आहेत का, त्यांना पोलादी स्प्रिंगा लावल्यात का, घासू नये म्हणून जुन्या पाइपचे तुकडे गुंडाळलेत का? तसं सगळ्यांनी केलं असेल तर समजावं, आत लाटा येतात, माहितीपत्रक काहीही म्हणो. फिनिकेत काही बोटींना तसं होतं, पण बाहेरच्या बाजूच्या. आतल्यांचे दोर निवांत लोंबत होते. दुसरं, जस्त. बोटीच्या तळाला जस्ताचे तुकडे लावलेले असतात. पाण्यातून वीज झिरपत असेल तर ती आधी जस्त खाते, ते संपलं की पंखा आणि त्याचा दांडा. बंदराची वायरिंग कशी आहे हे कळायचं असेल तर तिथे वर्षभर राहिलेल्या माणसाला त्याचं जस्त दाखवायला सांगावं. एका डच गृहस्थांनी बिचाऱ्यांनी दोरीला बांधलेला तुकडा पाण्यातून काढून दाखवला. निम्म्याहून जास्त शिल्लक होता. मला तो ताटातल्या पेढ्यासारखा वाटला.

ही तेवढ्यात वेगळंच मोजत होती. कपडे वाळत घातलेल्या बोटी. ज्या बोटीवर दोरी आणि दोरीवर टॉवेल, तिथे माणूस आहे. बावीस मोजल्या. मग धक्क्याच्या टोकापासून संडासापर्यंत पावलं टाकत गेली: एकशे ऐंशी. रात्री दहाला पुन्हा गेली, दिवे लागतात का ते बघायला. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. पालक, कोबी, मुळे, ढीगच्या ढीग. चाळीस लिंबं पिशवीत घालून परत आली. म्हणाली, ओझं घेऊन यायला किती वेळ लागतो ते बघितलं. अंतल्या शहर सुमारे ११० किलोमीटर, बसने दोन तास; तिथे विद्यापीठाचं मोठं रुग्णालय. गावात सरकारी दवाखाना. वहीतली सगळी कलमं सुटली. शेवटी आम्ही कार्यालयात गेलो आणि तिथेही हिनेच घासाघीस केली, दराची नव्हे, जागेची. बाहेरच्या टोकाला नको, आतल्या हातावर, त्या डच जोडप्याच्या शेजारी. ते करारात लिहून घेतलं.

दर, विचाराल तर, मी पहिल्या वर्षी दिला त्यापेक्षा बराच जास्त. सात महिन्यांचे पैसे महिन्यावर वाटले तर डोंबिवलीच्या ब्लॉकला जे भाडं येईल त्याच्या दीडपट. ते घेतात युरोमध्ये. २०१८च्या ऑगस्टमध्ये लिरा धाडकन कोसळला तेव्हा लोक म्हणाले, तुमची चैन आहे. बाजारहाटात होती, भाड्यात नव्हती.

उन्हाळ्यात ग्रीक बेटांतून हळूहळू बोट आणली, जुलैअखेर फिनिकेत बांधली, गणपतीला घरी गेलो आणि ऑक्टोबरमध्ये परत आलो. व्हिसा ३० दिवसांचा. त्या मुदतीत निवासाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा, पत्ता म्हणून मरीनाचा करारनामा जोडायचा. अर्जात ‘घर क्रमांक’ होता तिथे हिने धक्क्याचा क्रमांक लिहिला. एक वर्षाचा परवाना आला. त्या कार्डाचं हिला केवढं अप्रूप! अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दोघांचा पत्ता एकच आणि तो पाण्यावरचा.

हिवाळा थंड होता, पण बर्फाची थंडी डोंगरावर, आमच्याकडे स्वेटरची. सकाळी छताच्या काचांवरून दवाचे थेंब उशीवर पडत. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी केली, ओल शोषणारं एक यंत्र घेतलं. रोज नऊ वाजता रेडिओवर सगळ्या बोटींची हजेरी: हवामान, कुणाला काय हवंय, कुणी बाजारात चाललंय का. रविवारी सामुदायिक जेवण. हिने त्या लोकांना झब्बू शिकवला आणि पुढे पश्चात्ताप केला, कारण एक निवृत्त जर्मन सुतार रोज दुपारी पत्ते घेऊन फळीपाशी उभा राहायचा.

भाषेचं तर नवलच. बाजारात साबण मागायचा तर साबुन, दुकानाला दुक्क्यान, कागदाला कागदाच्या जवळचाच शब्द, हिशेबाला हेसाप, तारखेला तारिह. फारसी-अरबीतून आपल्याकडे जे आलं तेच तिकडेही गेलेलं. ‘तमाम’ म्हणजे ठीक आहे. ताकाला ते आयरान म्हणतात आणि मसुरीची डाळ वाण्याकडे गोणीने असते. कोथिंबिरीची मात्र फसगत. दिसते ती जुडी दुसऱ्याच पाल्याची, हुंगून घ्यावी लागते. गव्हाच्या भरडीचा उपमा आम्ही आठवड्यातून तीनदा खाल्ला. पोह्यांची आठवण काढायची नाही, असा नियम केला.

दक्षिणेच्या वाऱ्याला तिथे लोडोस म्हणतात. डिसेंबरमध्ये तो दोन दिवस घोंघावला. बाहेरच्या बांधावरून पाणी उडत होतं. आमची बोट कुरकुरली, पण दोरांना हिसका बसला नाही. ही झोपली होती. मी जागा राहून ती झोपलीय याचीच खात्री करत होतो. २४ जानेवारी २०१९ला मात्र वेगळंच झालं. कुमलुजा-फिनिकेच्या पट्ट्यात वावटळ उतरली. शेजारच्या भागातली हरितगृहं उडाली, माणसं दगावली. आम्ही दार लावून आत बसलो होतो. गारा, अंधार, डोलकाठीचा किंचाळल्यासारखा आवाज, आणि मग एकदम शांतता. आमच्या बोटीला काही झालं नाही. तो निव्वळ योगायोग, कुठलाही बांध वावटळीला अडवत नाही. दुसऱ्या दिवशी दोरांत प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. बाजारात आमची नेहमीची टोमॅटोवाली आली नव्हती. पुढच्या आठवड्यात आली, थोडासा माल घेऊन. हिने भाव केला नाही.

एप्रिलमध्ये करार संपला. ठरल्याप्रमाणे निकाल द्यायचा दिवस. मी दोन दिवस वाट बघितली, मग विचारलंच. ही दोर गुंडाळत होती. म्हणाली, “कार्यालयात जाऊन आले. पुढच्या वर्षीही हीच जागा देतायत. अनामत भरलीय.”

त्या पुढच्या वर्षीच मुक्काम खरा लांबला. मार्च २०२०. आमची परतीची तिकिटं एप्रिलची होती. भारतात येणारी विमानं बंद झाली, मग तिथून निघणारीही. २१ मार्चला तुर्की सरकारने ६५ वर्षांवरच्यांना आणि हृदयविकारासारखे जुने आजार असलेल्यांना घराबाहेर पडायला बंदी केली. मी चौसष्टचा, वयाने सुटलो, स्टेंटने अडकलो. आमच्या धक्क्यावर माणसं असलेल्या सोळा बोटी, त्यांतले बरेचसे सत्तरीच्या आगेमागे. बाहेर पडू शकणाऱ्यांत, आणि बाजारात तुर्की बोलू शकणाऱ्यांत, ही.

तीच दुरेघी वही उलट बाजूने सुरू झाली. नऊच्या हजेरीला लोक रेडिओवर याद्या सांगायचे, ही लिहून घ्यायची आणि मरीनाची हातगाडी ढकलत बाजारात जायची. परत आली की धक्क्यावर लिंबाच्या वासाचं कोलोन हातावर ओतून मगच सामान वाटायची. तुर्की लोक पाहुण्याच्या हातावर ते ओततात, त्या दिवसांत त्याचं औषध झालं होतं. १० एप्रिलच्या रात्री, कर्फ्यू लागायच्या जेमतेम दोन तास आधी, शनिवार-रविवारच्या संचारबंदीची घोषणा झाली आणि गावोगाव पावाच्या दुकानांवर झुंबड उडाली. आमच्या धक्क्यावर कुणी हललं नाही. शुक्रवारचा बाजार ही सकाळीच करून आली होती. जर्मन सुताराने तिच्या हातगाडीचं कुरकुरणारं चाक बदलून दिलं; फळीला दोन्ही बाजूंनी कठडाही केला. दोन वर्षं मी तो करायचं म्हणत होतो.

मे महिन्यात एका रात्री माझ्या छातीत दुखायला लागलं. दोनशे पावलं, दोन तास, ही वहीतली सगळी अंतरं एकदम खरी झाली. ११२ला फोन केला. गाडी दहा मिनिटांत फाटकाशी आली, गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढला, सकाळी अंतल्याला पाठवलं. तिच्या त्या अटीने माझा जीव वाचवला, असं लिहायला मला आवडलं असतं. निघालं पित्त. आठवड्यात तीनदा उपमा आणि वर तुर्की लोणची! परतताना रुग्णवाहिकेत ही खिडकीबाहेर बघत होती. “दोन तास पाच मिनिटं,” म्हणाली. “पाच मिनिटं जास्त लागली.”

घरी यायला ऑक्टोबर उजाडला. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. पण २०२२पर्यंत बरंच बदललं. मरीनाचे दर चढत गेले आणि नुसत्या पर्यटनासाठीचे निवासाचे परवाने देताना सरकारने हात आखडता घेतला. आमच्या फळीच्या दोन्ही बाजूंना कठडे होते, पण गुडघ्यांना नव्हते. त्या वर्षी उन्हाळ्यात बोट विकली. एका फ्रेंच जोडप्याने घेतली, चाळिशीतलं, दोन लहान मुलं असलेलं. मी त्याला दोन दिवस इंजिन समजावून सांगत होतो. शेवटच्या संध्याकाळी त्याच्या बायकोने विचारलं, हिवाळ्यात मुलांना घेऊन राहायचं तर जागा कशी निवडायची?

हिने वही काढली. ती मराठीत, म्हणून टेबलापाशी बसून सगळं इंग्रजीत उतरवून दिलं. बराच वेळ लिहीत होती. मी डोकावून बघितलं तर मूळ वहीत नसलेली एक ओळ तिने अगदी वर घातली होती: फळीला दोन्ही बाजूंनी कठडा, निघायच्या आधी. दर याही वेळी सगळ्यात खालीच होता.